चेवनिंगच्या मुलाखतीची तयारी: फॉर्ममधलाच माणूस समोर बसला पाहिजे

चेवनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं की बहुतेक मुलं आधी यूट्यूब उघडतात. तिथे ‘हमखास विचारले जाणारे प्रश्न’ मिळतात. मग प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहायचं, कुणाकडून तरी इंग्रजी तपासून घ्यायचं, पाठ करायचं आणि आरशासमोर म्हणायचं. दोन-तीन आठवडे यात सहज जातात. दहावीच्या तोंडी परीक्षेला एवढं पुरलं असतं. इथे पुरत नाही, कारण पहिला प्रश्न यादीतला असला तरी दुसरा आणि तिसरा तुमच्या उत्तरातून निघतो आणि तो कुठल्याच यादीत नसतो.

मी पुण्यात अशा मुलांच्या सराव-मुलाखती घेतो. त्यातली बरीच जण घरातली पहिलीच पदवीधर असतात, मराठी माध्यमातून आलेली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारी. त्यांच्या हातून सुटतं ते इंग्रजीमुळे फार कमी वेळा. फॉर्म भरला तेव्हाचा उमेदवार आणि मुलाखतीला बसलेला उमेदवार ही दोन वेगळी माणसं वाटतात, म्हणून सुटतं. फॉर्ममध्ये ठाम, नेमकं लिहिणारी मुलगी मुलाखतीत ‘समाजासाठी काहीतरी करायचंय’ एवढंच बोलून येते. पुढची सगळी तयारी ही दरी बुजवण्याची आहे.

कोण घेतं, काय तपासतात

चेवनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती. 1983 साली सुरू झाली, आजचं नाव 1994 पासूनचं. केंट परगण्यातल्या चेवनिंग हाउस या वाड्यावरून ते पडलं. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शुल्क, महिन्याचा निर्वाहभत्ता आणि जाण्यायेण्याचं विमानभाडं ती देते. एमबीएच्या शुल्काला मात्र कमाल मर्यादा आहे, ती आधीच पाहून घ्या. अर्ज करायला पदवी लागते आणि 2,800 तासांचा, म्हणजे ढोबळमानाने दोन वर्षांचा कामाचा अनुभव. अर्जात तीन अभ्यासक्रम नोंदवायचे असतात आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते.

वेळापत्रक साधारण असं: अर्ज ऑगस्टपासून शरद ऋतूपर्यंत, मुलाखती फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलपर्यंत, निकाल जूनपासून पुढे. तारखा दरवर्षी थोड्या हलतात. मुलाखत साधारण अर्ध्या तासाची असते आणि ती ब्रिटिश उच्चायुक्तालय किंवा उपउच्चायुक्तालय घेतं. समोर तिथले अधिकारी असतात, कधी सोबत एखादा माजी शिष्यवृत्तीधारक किंवा बाहेरचा जाणकार. ती प्रत्यक्ष होणार की ऑनलाइन, ते बोलावण्यात लिहिलेलं असतं.

‘गुणवत्ता’ म्हटलं की आपल्याकडे मार्कशीट डोळ्यांपुढे येते. इथे गुण ही फक्त दारातली तपासणी. आत चार गोष्टी तोलल्या जातात: नेतृत्व, माणसं जोडण्याची हातोटी, हाच अभ्यासक्रम का, आणि परतल्यावर काय करणार. फॉर्ममधले निबंधही याच चार गोष्टींवर असतात. म्हणजे प्रश्नपत्रिका तुम्ही कित्येक महिन्यांपूर्वीच पाहिलेली आहे.

इतर शिष्यवृत्त्यांचा बाज वेगळा असतो आणि तो आधी ओळखावा लागतो. मुंबईची जे. एन. टाटा एन्डाउमेंट 1892 पासूनची. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती देते आणि तिच्या मुलाखतीला तुमच्या विषयातले तज्ज्ञ बसतात, तेव्हा तिथे मूळ विषय पक्का हवा. ऱ्होड्स शिष्यवृत्ती फक्त ऑक्सफर्ड विद्यापीठासाठी, आणि तिथे बुद्धीइतकंच चारित्र्य पाहिलं जातं. एकाची तयारी दुसऱ्याला जशीच्या तशी लावू नका.

पहिलं काम: स्वतःचा फॉर्म परक्यासारखा वाचा

फॉर्म कागदावर छापून घ्या. मोबाइलवर वाचू नका, डोळे घसरत जातात. पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे तुम्ही दावा केलाय तिथे खूण करा. ‘नेतृत्व केलं’, ‘सुरुवात केली’, ‘समन्वय साधला’, ‘परिणाम झाला’ अशा प्रत्येक ठिकाणी. मग समासात तीन गोष्टी लिहा: हे नेमकं कधी झालं, कुणी विरोध केला, आणि त्यात माझ्या एकट्याचं काम कोणतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड जाते. स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडाने करू नये, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. त्यामुळे मुलाखतीत सगळं संस्थेने केलेलं असतं, टीमने केलेलं असतं, सरांच्या मार्गदर्शनाखाली झालेलं असतं. ही नम्रता घरी शोभते. पॅनलला मात्र तुमच्या संस्थेला शिष्यवृत्ती द्यायची नसते. संस्थेचं श्रेय एका वाक्यात द्या आणि लगेच स्वतःच्या वाट्यावर या: ‘त्यातलं सर्वेक्षण माझ्याकडे होतं’, ‘तहसीलदारांशी बोलणं मी केलं’. यात फुशारकी काही नाही, ही माहिती आहे.

समासात काहीच लिहिता येत नाही असा एखादा दावा सापडेलच. तो बहुधा कुणाच्या तरी सल्ल्यावरून फॉर्ममध्ये आलेला असतो. त्यावर प्रश्न आला तर काय सांगायचं ते आत्ताच ठरवा, आणि जेवढं खरं आहे तेवढंच सांगायचं ठरवा.

प्रसंगांची वही

पन्नास उत्तरं पाठ करण्यापेक्षा पाच-सहा प्रसंग पूर्ण उकलून ठेवा. एखादा यशाचा, एखादा फसलेला, एखादा वरिष्ठांशी मतभेद झालेला, एखादा अनोळखी माणसाला आपल्या बाजूला वळवल्याचा. एक चांगला प्रसंग तीन-चार वेगवेगळ्या प्रश्नांना पुरतो.

उकलायचा म्हणजे काय, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, उमेदवार बीड जिल्ह्यातली आहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर काम करते. पॅनल विचारतं, नेतृत्वाचा एखादा प्रसंग सांगा.

पहिल्या सरावात उत्तर बहुधा असं येतं: “आमच्या संस्थेने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी भरपूर काम केलं. आम्ही जनजागृती केली, पालकसभा घेतल्या, त्यामुळे बरीच मुलं शाळेत टिकली.”

मी विचारतो, “सभा कधी घेतली?”

“नोव्हेंबरमध्ये.”

“पण टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघून जातात ना? मग नोव्हेंबरात सभेला आले ते पालक कोण?”

इथे शांतता पसरते. मुलगी खोटं बोलत नसते. तिने खरंच सभा घेतलेली असते, आणि तिला आजी-आजोबा आलेले असतात. पण ‘पालकसभा’ हा अहवालातला शब्द तिने उचलून आणलेला असतो आणि खरी गोष्ट त्याच्यामागे दडून राहिलेली असते. पॅनलवरच्या माणसाला बीड माहीत नसेल, पण उत्तर पोकळ आहे हे त्याला तुमच्या पुढच्या दोन वाक्यांत कळतं.

तीच गोष्ट उकलल्यावर अशी होते: “कामगारांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. मुलांनी मागे राहून शिकावं म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह असतं, पण त्याची तयारी टोळ्या निघाल्यावर सुरू व्हायची आणि तोवर मुलं आईबापांबरोबर गेलेली असायची. मी म्हटलं, गणपती झाले की लगेच यादी करू. मुख्याध्यापक म्हणाले, मंजुरी नसताना यादी कशाच्या आधारावर करायची? म्हणून मी मुकादमाकडे गेले. कुठलं कुटुंब कधी निघणार हे त्यालाच माहीत असतं. त्याच्याकडून मला 31 मुलांची नावं मिळाली. मग मी आईवडिलांआधी आज्यांना भेटले, कारण संध्याकाळनंतर मुलं त्यांच्याच भरवशावर राहणार होती. त्या वर्षी 31 पैकी 19 मुलं गावात राहिली. गेलेल्या 12 जणांत बहुतेक मोठ्या मुली होत्या. फडावर धाकटी भावंडं सांभाळायला त्या लागतात. तो प्रश्न मला सोडवता आला नाही, आणि मला शिकायचंय ते त्याच्यासाठीच.”

बोलायला दीड मिनिट लागतं. यात अडथळा आहे, तिचा स्वतःचा निर्णय आहे, आकडे छोटे पण पडताळता येणारे आहेत, आणि शेवटी अपयशही आहे. ते अपयशच तिला पुढच्या प्रश्नाकडे, अभ्यासक्रमाकडे नेतं.

आता पुढचा प्रश्न. “मुकादमाने तुम्हाला यादी का दिली? त्याचा काय फायदा?” पहिल्या उत्तराच्या पोटातला हा प्रश्न कुणीही विचारील. तिचं उत्तर: “माझे वडील बरीच वर्षं त्याच्याच टोळीत होते. मी त्यांना सोबत घेऊन गेले.” माणसं कशी जोडता, याचं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही. गंमत म्हणजे हे वाक्य मुलं फॉर्ममध्ये लिहीत नाहीत आणि सरावातही दडवतात. वडील ऊसतोड करायचे हे सांगायला संकोच वाटतो, किंवा मग त्याचं सहानुभूतीसाठी भांडवल होईल अशी भीती असते. दुसरी भीती रास्त आहे. गरिबीचं वर्णन करू नका. त्या आयुष्यातून तुम्हाला जे कळलं आणि जे करता आलं, ते सांगा.

प्रत्येक प्रसंगासाठी असे चार-पाच ‘मग पुढे’वाले प्रश्न स्वतःच काढा. का? कुणी सांगितलं? पैसे कुठून आले? तुम्ही नोकरी सोडल्यावर ते चालू राहिलं का? हा शेवटचा प्रश्न फार जणांना गारद करतो.

आणखी एक. मुकादम, उचल, कोयता, फड हे शब्द परदेशी अधिकाऱ्याला समजणार नाहीत, म्हणून ते टाळून ‘कंत्राटदार’, ‘मजूर’ असं सपाट बोलायची गरज नाही. शब्द वापरा आणि अर्ध्या वाक्यात फोड करा: मुकादम, म्हणजे कारखान्याकडून पैसे उचलून टोळी भरणारा गावातलाच माणूस. ‘कोयता’ म्हणजे एक नवरा-बायको, त्यांची मजुरी एकत्र मोजली जाते. अशा फोडी लिहून, तोंडात बसवून ठेवा. ऐन वेळी त्या इंग्रजीत सुचत नाहीत. तुमच्या कामात जे शब्द रोजचे आहेत, मग ते सहकारी बँकेतले असोत, बालरुग्ण विभागातले असोत की गोव्यातल्या कोमुनिदादीचे (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे), त्या सगळ्यांची हीच तयारी.

“हे टाटा इन्स्टिट्यूटमध्ये का शिकत नाही?”

हा प्रश्न येणार असं धरूनच चाला. शब्द वेगळे असतील, पण आशय हाच: हे तुमच्या देशात मिळतं, मग ब्रिटिश करदात्याने पैसे का द्यावेत?

‘ब्रिटनचं शिक्षण जागतिक दर्जाचं आहे’ हे उत्तर नाही. ‘तिथे विविध देशांतले विद्यार्थी भेटतील’ हेही नुसतं ठेवलं तर नाही, कारण ते पॅरिसलाही भेटतील. आपल्या बीडच्या उमेदवाराने आधी मान्य करावं की मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था क्षेत्रकामात मुरलेली आहे. मग आपली नेमकी उणीव सांगावी: हंगामी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांचं शिक्षण इतर देशांनी कसं हाताळलं याचा तुलनात्मक अभ्यास तिला करायचाय. त्यानंतर अभ्यासक्रमाचं नाव. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन शिक्षण आणि आंतरराष्ट्रीय विकास शिकवते. ब्रायटनजवळ ससेक्स विद्यापीठाच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज आहे. मँचेस्टरमध्ये ग्लोबल डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट आहे. तिन्ही ठिकाणी एकाच प्रश्नाकडे जायची वाट वेगळी. पहिल्या ठिकाणी शिक्षणातून, बाकी दोन ठिकाणी विकासाच्या अभ्यासातून. हा फरक तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे.

त्यासाठी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं अभ्यासक्रमाचं पान शेवटपर्यंत वाचा. सक्तीचे विषय कोणते, ऐच्छिक कोणते, प्रबंध किती मोठा, त्यासाठी क्षेत्रभेट करता येते का. दोन ऐच्छिक विषय निवडा आणि ते का, हे आपल्या प्रसंगाशी जोडून सांगता येईल असं बघा. एखाद्या प्राध्यापकाचं नाव घ्यायचं असेल तर त्यांचा निदान एक लेख वाचलेला असावा. नाव टाकायचं म्हणून टाकलेलं नाव पुढच्या प्रश्नाला उघडं पडतं.

तीन अभ्यासक्रमांची दिशा एक हवी. एक सार्वजनिक धोरणाचा, एक हवामानबदलाचा आणि एक व्यवस्थापनाचा, अशी निवड करून बसलेली मुलं मी पाहतो. तशी निवड झालीच असेल तर तिन्हींना बांधणारा धागा आधी स्वतः शोधा. सापडत नसेल तर ‘तेव्हा मी दोन दिशांचा विचार करत होतो, आता ही एक पक्की झाली आहे, आणि ती या कारणाने’ असं सांगणं ओढूनताणून धागा जोडण्यापेक्षा बरं.

परतल्यावर काय

ही अट काही नवी नाही. 1913 साली बडोदा संस्थानाने बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार झाला होता. चेवनिंगची दोन वर्षं त्यामानाने सौम्यच. पण देणाऱ्याच्या मनातला प्रश्न तोच आहे: हे शिकून कुणाचं काय भलं होणार?

‘मी धोरणनिर्मितीत योगदान देईन’ हे वाक्य मी सरावात अर्ध्यावर थांबवतो. कुठल्या धोरणात? कुठल्या खुर्चीवरून? त्या खुर्चीपर्यंत जायचा रस्ता कोणता? नियोजन दोन टप्प्यांत सांगा: परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं आणि त्यानंतरचं दहा वर्षांचं चित्र. पहिला टप्पा इतका नेमका हवा की कार्यालयाचं नाव सांगता यावं. आपल्या उमेदवारासाठी ते महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद असू शकतं, कारण राज्यात समग्र शिक्षा अभियान, म्हणजे शालेय शिक्षणाची केंद्राची योजना, तीच राबवते. किंवा लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ असू शकतं.

आणि ज्याचं नाव घेता, ते सध्या काय करतंय हे माहीत हवं. कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना आहे. पॅनलवरच्या एखाद्याने ती वाचलेली असेल तर तो विचारील, “सरकार हे करतंच आहे, मग तुमची गरज काय?” योजना माहीत असेल तर हा प्रश्न म्हणजे संधी आहे: तालुक्याच्या ठिकाणचं वसतिगृह आणि गावातल्या शाळेतली हंगामी सोय यांत लहान मुलींच्या घरचे काय निवडतात, यावर ती दोन मिनिटं बोलू शकते. माहीत नसेल तर मुलाखत तिथेच हातातून सुटते.

स्पर्धा परीक्षांबद्दल थोडं. आपल्याकडच्या अनेक उमेदवारांनी कधी ना कधी एमपीएससी किंवा यूपीएससीची तयारी केलेली असते आणि बायोडेटात मधली दोन-तीन वर्षं रिकामी दिसतात. विचारलं तर सरळ सांगा की तयारी करत होतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण ‘परतल्यावर पुन्हा परीक्षा देणार’ हीच योजना असेल तर मग वर्षभर ब्रिटनला कशासाठी जायचं, या प्रश्नाला उत्तर तयार हवं.

चालू घडामोडी

यावर फार वेळ घालवू नका. भारत-ब्रिटन संबंधांत ठळक काय चाललंय ते माहीत असलं की पुरे. जुलै 2025 मध्ये दोन्ही देशांनी मुक्त व्यापार करारावर सह्या केल्या, त्यात तुमच्या क्षेत्राशी जोडलेलं काही आहे का ते बघून ठेवा. जगभर 50,000 हून अधिक माजी चेवनिंग शिष्यवृत्तीधारक आहेत, त्यांतले भारतातले तुमच्या क्षेत्रात कोण आहेत याचा अंदाज हवा. ‘या जाळ्यात तुम्ही काय भर घालाल?’ या प्रश्नाला तो लागतो. ‘भर’ म्हणजे देणं. घेण्याबद्दलच बोलून थांबू नका.

इंग्रजी

मुलाखत इंग्रजीत होते आणि उच्चारांना गुण नसतात. तुमचा ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ सारखाच ऐकू आला म्हणून शिष्यवृत्ती गेली, असं होत नाही. गडबड होते ती वेगाने. घाबरलं की माणूस भरभर बोलतो, वाक्य लांबत जातं आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता हरवतो. उपाय साधा आहे: छोटी वाक्यं, प्रत्येकानंतर श्वास. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. कळल्यासारखं दाखवून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देणं फार महागात पडतं.

सराव असा करा. प्रसंग आधी मराठीत, मित्राला सांगतो तसा मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग तोच इंग्रजीत. दोन्ही लागोपाठ ऐका. मराठीत जो तपशील सहज आला तो इंग्रजीत गळाला असेल, मुख्याध्यापकांचं म्हणणं, आज्यांची भेट. तेवढीच वाक्यं इंग्रजीत बसवा. बाकीचं पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं: डोळे वर जातात आणि आवाज एकसुरी होतो.

सराव-मुलाखत

किमान तीन करा आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांसमोर. एक तुमच्या क्षेत्रातला, तो खोटं पकडील. एक क्षेत्राबाहेरचा, त्याला समजलं तर पॅनललाही समजेल. एक असा, ज्याला तुम्ही फारसं ओळखत नाही. जवळचा मित्र चालत नाही. तो तुमच्या वतीने मनातल्या मनात उत्तर पूर्ण करतो. मुलाखत घेणाऱ्याला फॉर्म आधी द्या, तीस मिनिटांचा गजर लावा आणि मध्ये थांबवायला मनाई करा. चर्चा नंतर.

पहिल्या पिढीतल्या मुलांना असा माणूस सहज मिळत नाही. माजी चेवनिंग शिष्यवृत्तीधारक लिंक्डइनवर सापडतात आणि नीट लिहिलं तर बरेच जण उत्तर देतात. ‘मला मार्गदर्शन करा’ असं लिहू नका. ‘मार्चमध्ये मुलाखत आहे, शिक्षण क्षेत्र, अर्ध्या तासाची सराव-मुलाखत घ्याल का, फॉर्म सोबत जोडलाय’ असं लिहा. यवतमाळमधून सुरू झालेल्या एकलव्य संस्थेसारखे गट वंचित समाजांतल्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाच्या वाटेवर मदत करतात, तिथेही विचारून बघा.

हजारो रुपये घेऊन ‘हमखास निवड’ सांगणाऱ्यांपासून दूर राहा. साचेबंद उत्तरं शिकवतात, आणि मग एकाच क्लासची चार मुलं एकच वाक्य घेऊन जातात.

त्या दिवशी

मुंबईत ब्रिटिश उपउच्चायुक्तालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मुलाखत तिथे असेल तर बाहेरगावच्यांनी आदल्या दिवशीच मुंबईत यावं. रात्रीची गाडी पकडून सकाळी दादरला उतरायचं आणि तिथून धावत सुटायचं, हे नको. संकुलातल्या इमारती एकसारख्या दिसतात आणि प्रवेशद्वारावर तपासणी असते, तेव्हा तासभर आधी पोचा. ओळखपत्र आणि बोलावण्यात मागितलेली कागदपत्रं मूळ प्रतींसह, एका साध्या फाइलमध्ये. कपडे इस्त्रीचे, नेहमी वापरात असलेले. साडीची सवय नसेल तर त्या दिवशी सुरुवात करू नका.

ऑनलाइन असेल तर गावातल्या विजेवर विसंबू नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, आणि शक्य असेल तर तालुक्याला एखाद्या ओळखीच्या कार्यालयातली खोली. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागेवरून कुणाला तरी व्हिडिओ कॉल करून बघा. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, उजेड समोरून. समोर चिठ्ठ्या चिकटवू नका, डोळे तिकडे गेलेले लगेच दिसतात.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात. निकाल कधी, हे विचारू नका, ते संकेतस्थळावर असतं. कामाचा एखादा खरा प्रश्न असेल तर विचारा. नसेल तर आभार मानून उठलेलं चालतं.

मुलाखत झाल्यावर

त्याच दिवशी विचारलेले सगळे प्रश्न आठवतील तसे लिहून काढा. मग विद्यापीठाच्या मागे लागा. निवड झाली तरी विनाअट प्रवेशपत्र ठरलेल्या मुदतीत हातात नसेल तर शिष्यवृत्ती जाते, आणि ही मुदत साधारण जुलैची असते. चेवनिंगने स्वतःची इंग्रजी चाचणीची अट काढून टाकली असली तरी विद्यापीठाची असतेच, त्यामुळे आयईएलटीएस वगैरे काय लागतं ते प्रवेशाच्या पत्रात पाहा आणि परीक्षेची तारीख वेळेत घ्या. पासपोर्टची मुदत तपासा. सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयांना व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. ते आयत्या वेळी धावाधाव करून करायचं काम नाही.

निकालात राखीव यादीही असते. त्यात नाव आलं तर प्रवेशपत्राचं काम थांबवू नका, जागा उशिराही निघू शकते. नाव कुठेच नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा जुना फॉर्म नव्या तारखेने पाठवू नका. मुलाखतीनंतर लिहून काढलेले प्रश्न समोर घ्या, ज्यांची उत्तरं अडखळली त्यांवर खूण करा आणि मधल्या महिन्यांत कामात त्यावर काय करता येतं ते बघा. आपल्या उमेदवारासाठी ते अगदी सरळ आहे: पुढच्या हंगामात गणपतीनंतर त्या मोठ्या मुलींच्या घरी आधी जायचं, आणि धाकट्या भावंडांची सोय वसतिगृहाजवळच करता येते का, हे मुख्याध्यापकांशी बोलून घ्यायचं.